शेवटच्या बांधीचा मनिजर

त्यांची आठवण आली की पहिल्यांदा मला चीडच येते. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी येते. मग थोड्या वेळानं दुसरं काहीतरी येतं, आणि ते येऊ लागलं की मी विषय बदलतो. आजवर मी त्यांच्या गमतीच सांगत आलो. शिक्षकांच्या खोलीत सांगितल्या, लग्नाच्या मांडवात सांगितल्या, लोक पोट धरून हसले. त्या गमतींचा शेवट मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. तो आज सांगणार आहे. पण आधी माझी चीड तुम्हाला पटली पाहिजे, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

दुसरं महायुद्ध अजून लागलं नव्हतं. सालेकशाच्या बाजूच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. गाव धानाचं. गावाच्या डोक्यावर मोठा तलाव, तलावाची मातीची पाळ, पाळीच्या खाली त्यांचं घर. तलाव त्यांच्या पणज्यानं बांधलेला. तलाव बांधावेत आणि त्याचं पाणी लोकांच्या शेतात वाटावं, हाच त्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण आमच्या म्हाताऱ्यानं त्यात एक भर घातली होती. त्यानं हॉकीची टीम काढली होती.

काऊन काढली, ते कुणालाच नीट सांगता येत नसे. तरुणपणी ते तांदूळ घेऊन गोंदियाला गेले, तिथं रेल्वेच्या मैदानावर गोऱ्या ड्रायव्हरांची हॉकी पाहिली, आणि तांदळाची गाडी तशीच उभी ठेवून अंधार पडेपर्यंत पाहत राहिले, एवढंच ऐकलं होतं. स्वतः त्यांनी जन्मात स्टिक हाती धरली नाही. नियम अर्धे माहीत, उरलेले अर्धे त्यांनी घरीच केलेले. सगळं गाव त्यांना 'मनिजर' म्हणायचं. मी 'मामाजी' म्हणायचो, कारण त्यांच्या पत्नी, मामीजी, रोज दुपारी मला जेवायला घालायच्या आणि जेवू घालणाऱ्या घरातल्या माणसाला मनिजर म्हणवत नसे.

उन्हाळ्यात तलाव आटला की त्याचं पोट म्हणजे आमचं मैदान. भेगाळलेली काळी माती, मधूनमधून सुकलेलं शेवाळ. स्टिका धावड्याच्या लाकडाच्या, गावच्या सुतारानं वाकवलेल्या. गोलकीपरच्या नळग्यांना पोत्याच्या तुकड्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून बांधायचो. मनिजर पाळीवर छत्री उघडून बसायचे. आपल्यावर गोल झाला की त्यांची एकच आरोळी, "पाळ फुटली रे!" आणि मग गोलकीपर सोडून बाकी दहा जणांना शिव्या. गोलकीपरला कधीच नाही. "पाळ फुटते तवा शेवटच्या ढेकळाचा काय दोष?" असं म्हणायचे. आपण गोल केला तर गोल मारणाऱ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. चेंडू त्याच्यापर्यंत कोणी पोचवला, त्याला बोलावून खोबऱ्याचा तुकडा द्यायचे. गोल मारणारे पोट्टे यावरून रुसायचे, आणि त्यांची समजूत घालायचं काम माझ्याकडे. कारण मी टीमचा सेक्रेटरी होतो. पगार नव्हता. समजुती काढणं हाच हुद्दा.

एकदा रेल्वेची टीम आमच्याकडे खेळायला आली. चांगले बूट, पांढऱ्या चड्ड्या, कप्तान एक लालबुंद अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. ते पाळ उतरू लागले तसे हे छत्री घेऊन आडवे झाले.

"मास्तर, सायबाले सांग. जोडे काढून खाली उतरा म्हनावं."

"मामाजी, हॉकी बूट घालूनच खेळतात."

"खेळत असन. पन तलावाच्या पोटात जोडे घालून कोनी उतरत नाही. माहा बाप नाही उतरला, कलेक्टर आला होता तोही नाही उतरला."

कलेक्टर कधी आला होता, देव जाणे. मी घाम पुसत साहेबाला समजावलं. साहेब आधी तापला, मग का कोण जाणे हसला, आणि त्यांनी बूट काढले. त्या भेगांवर अनवाणी ते कसे धावणार? बिचारे निखाऱ्यावर चालल्यासारखे चालले. आम्ही जिंकलो. रेल्वेला हरवलं! गाव नाचायला लागलं. आणि मनिजर पाळीवरून उतरून साहेबाजवळ गेले आणि मला म्हणाले, "सांग सायबाले, हे काही खरं नाही झालं. महिनाभर बिनजोड्याचं खेळून पाय घट्ट करून या, मंग पुन्हा खेळू."

मी भाषांतर करायला नकार दिला. त्यांनी हातवारे करून साहेबाला स्वतःच सांगितलं. साहेब खरोखर महिन्यानं परत आला, पाय घट्ट करून, आणि आम्हाला धुऊन गेला. मनिजर त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी साहेबाच्या टीमला जेवण दिलं. आमचे पोट्टे वाढायला.

अशा माणसाचं काय करावं?

पण हे सगळं सोसता आलं असतं. सोसत नव्हतं ते एकच. गावाच्या शेवटी, जंगलाला लागून एक टोला होता, वेगळी लहान वस्ती. तिथल्या लोकांच्या बांध्या, म्हणजे वाफे पाडलेली धानाची शेतं, तलावाच्या पाटाच्या अगदी टोकाला. मनिजरांच्या घरची जुनी रीत अशी की तलावाचं पाणी सोडायची मोरी उघडली की पहिलं पाणी शेवटच्या बांधीला. मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची. पाळीला लागून असलेलं मनिजरांचं स्वतःचं शेत सगळ्यात शेवटी. पाण्याच्या बाबतीत ही रीत मला मान्य आहे. पण त्यांनी तीच टीमला लावली होती. टीम निवडताना पहिली चार नावं त्या शेवटच्या टोल्यावरच्या पोट्ट्यांची. मग उरलेल्या सात जागा बाकी गावाला.

ते चौघं म्हणजे महादू, सुखराम, फागू आणि लहान्या. महादू गोलकीपर, चेंडू वेगानं आला की तो बाजूला होऊन त्याला जागा करून द्यायचा. सुखरामची स्टिक कुणाच्या पायाला लागली की तो खेळ थांबवून त्या माणसाच्या पाया पडायचा, आणि तोवर चेंडू आमच्या गोलात. फागू धावायचा वाऱ्यासारखा, पण चेंडू मागे ठेवून. लहान्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, तो खेळायचा हेच सांगण्यासारखं. चौघंही माणसं म्हणून सोन्यासारखी. पण सोन्यानं हॉकी खेळता येत नाही.

"मामाजी," मी एकदा हात जोडून म्हणालो, "महादूच्या जागी शाळेसमोरचा कुणी घेऊ. निदान गोंदियाच्या कपापुरता."

"शाळेसमोरचा पोट्टा बिनबोलावता खेळनच. पाटाच्या जवळच्याले पानी पाझरूनसुद्धा भेटते. दूरच्याले देल्ल्याशिवाय भेटत नाही."

"पण आपण हरतो ना!"

"दुसरं सांगू तुले? शेवटच्या बांधीले पानी पोचाचं असते तोवर गाव सगळा पाट सांभाळते. कुठं फुटला, कुठं खेकड्यानं बीळ केलं, सगळे पाहून राहतात. आपल्याले पहिले भेटलं, का मंग कोन कायले पाट पाहते?"

"हॉकीत पाट नसतो, मामाजी."

"नसतो म्हनून तर हरून राहिलो," ते म्हणाले, आणि ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

मामीजी चुलीपाशी बसून हसायच्या. "मास्तर, तुमी कायले डोकं फोडता? मी लग्न होऊन आली तवापासून ह्या घरात शेवटी जेवते. मले कोनी नाही समजावलं का पाट कसा सांभाळाचा."

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी समोरची पाळ धूसर झाली, मग माणसं आवाजानं ओळखू लागले, मग ताटात भात कुठं आणि वरण कुठं ते मामीजी सांगू लागल्या. नागपूरच्या डॉक्टरनं तपासून मान हलवली. उशीर झाला होता. आगगाडीनं परतताना सालेकशाला उतरलो तसे ते म्हणाले, "मास्तर, आता मनिजर पाहा लागते."

पोरीला स्थळ पाहतात तसं त्यांनी मनिजर पाहायला सुरुवात केली, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वैतागाचा उन्हाळा ठरला. पत्रानं चालेना, निरोपानं चालेना. प्रत्यक्ष घरी जायचं. घर पाहायचं, माणसाची बायको कशी बोलते ते ऐकायचं, चहा नाही, पाणी प्यायचं, आणि मग एकच प्रश्न.

"तलाव भरला. मोरी उघडली. पहिलं पानी कोनाले?"

पहिलं स्थळ सालेकशाचं. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडचा मुनीम, एकेकाळी जबलपूरला हॉकी खेळलेला. तो पानाची पिचकारी टाकून म्हणाला, "जिसका तालाब उसका पानी, और क्या!" मनिजर उठले. माझं पाणी अजून प्यायचं होतं.

दुसरं देवरीला. पोलिसातून निवृत्त झालेला जमादार. त्याच्यासाठी आम्ही बैलगाडीनं जंगलातून गेलो. वाटेत जो जो तलाव लागला तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावली. स्वतः उतरायचे, चपला काढायचे, पाळीवर चालायचे आणि पायानं माती दाबून सांगायचे, "ही पाळ आळशी माणसानं बांधली. इथं पाहा, माती कुटली नाही." दिसत काही नव्हतं, पण प्रत्येक तलावात खोट काढल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. देवरीला पोचायला इतका वेळ लागला की जमादार आम्ही येत नाही समजून जेवून झोपला होता. डोळे चोळत उठला, प्रश्न ऐकला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "जशी ऑर्डर येईल तसं."

"ऑर्डर कोन देनार?"

"वरून येईल ना साहेब."

परतीच्या वाटेवर मनिजर म्हणाले, "हा मानूस पाऊसही विचारून पाडन." तेवढं मात्र मला हसू आलं.

तिसरा दरेकशाच्या स्टेशनाजवळचा एक कंपाउंडर. सालस माणूस, पोट्ट्यांवर जीव लावणारा. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "ज्याचं पीक वाळून राहिलं, त्याले पहिलं पानी देन मी."

माझा जीव भांड्यात पडला. यापेक्षा चांगलं उत्तर कोण देणार? मी मनिजरांकडे पाहिलं. त्यांनी तोंड वाकडं केलेलं.

"वाळेपर्यंत कायले थांबाचं जी?"

मी रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. खरोखर ओरडलो. स्टेशनावरची माणसं पाहू लागली. "तुम्हाला मनिजर नको आहे! तुम्हाला तुमच्यासारखाच दुसरा पाहिजे, आणि तसा देवानं केलेला नाही!" त्यांनी माझा खांदा चाचपून धरला. म्हणाले, "हळू बोल. लोकाईले वाटन का आंधळ्याले मारून राहिला."

आता इथून पुढचं मी कुणाला सांगत नसे.

गोंदियाच्या मालधक्क्यावर एक मालबाबू होते. बुकिंगच्या कारकुनाला तिकडं मालबाबूच म्हणतात. उत्तरेकडचे, घरी-दारी हिंदी बोलणारे, कोणे काळी रेल्वेच्या टीमचे हाफबॅक. गुडघा गेल्यानं खेळ सुटला होता. माणूस शिस्तीचा, रोखठोक, खेळाची पक्की जाण असलेला. मी त्यांना आमची टीम दाखवायला घेऊन आलो. त्यांनी एक सामना पाहिला आणि म्हणाले, "मास्टरजी, ये टीम नहीं, बारात है. सात लड़के अच्छे हैं. वो चार को कल निकालिए, परसों कप लीजिए."

"तुम्ही घ्याल ही टीम?"

"चार निकालकर लूँगा. पहले से बोल देता हूँ."

त्यांनी मला फसवलं नाही. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि मी ऐकलं. आणि ऐकल्यावर मी म्हणालो, "म्हातारा एक प्रश्न विचारेल. त्याचं उत्तर मी तुम्हाला सांगून ठेवतो."

का सांगितलं? कंटाळलो होतो. जंगलातून फिरून, पाणी पिऊन, प्रत्येक दारातून परत फिरून कंटाळलो होतो. शिवाय मला कप पाहिजे होता. ते लपवून काय करू? आमची टीम हरली की गोंदियाचे मास्तर मला विचारायचे, "काय, यंदा किती गोल खाल्ले?" मला एकदा तरी त्यांच्यासमोर ताठ मानेनं उभं राहायचं होतं. एवढीच माझी हाव. मोठी नव्हती, पण तेवढ्यापायी चार माणसं टीममधून गेली.

मालबाबूंना मी घरी आणलं. या वेळी मनिजर म्हणाले नाहीत की त्यांच्या घरी जाऊ. बहुतेक तेही थकले होते. ओसरीवर बसलो. मामीजींनी पाणी आणलं. मनिजरांनी विचारलं, "तलाव भरला. मोरी उघडली. पहिलं पानी कोनाले?"

मालबाबू सराईतपणे म्हणाले, "सबसे आख़िरवाले को."

मनिजर आवाजाच्या दिशेनं पुढे झुकले. मग हळूच म्हणाले, "काऊन?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता. तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. मी मालबाबूंना फक्त उत्तर दिलं होतं, कारण दिलं नव्हतं. ते माझ्याकडे पाहू लागले. मामीजी हातातला तांब्या तसाच धरून उभ्या. आणि मी मध्ये बोललो.

"शेवटच्याला पाणी पोचेपर्यंत सगळं गाव पाट सांभाळतं, म्हणून. मालबाबूंना तेच म्हणायचं आहे, मामाजी. हिंदीत त्यांना पटकन सुचेना."

मनिजरांनी तोंड मालबाबूंकडून माझ्या आवाजाकडे वळवलं. त्या डोळ्यांत काही नव्हतं, तरी ते माझ्याकडे बराच वेळ पाहत आहेत असं वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुले तर सगळं येते. मंग तूच काऊन नाही होत मनिजर?"

उन्हाळाभर ते मला दारोदार कशासाठी फिरवत होते, ते मला त्या क्षणी कळलं. म्हणजे आधीच कळलं असावं. कंपाउंडरला नाकारलं तेव्हा मी इतका का ओरडलो, ते नाहीतर कशामुळं? मी हो म्हणू शकलो असतो. मला खेळ येत होता, पोट्टे माझं ऐकत होते, दुपारनंतर मला दुसरं काम नव्हतं. पण हो म्हणणं म्हणजे महादू आणि सुखराम आणि दर वर्षी हरणं. जन्मभर.

"शाळा आहे ना, मामाजी. वेळ कुठं आहे?"

"हो," ते म्हणाले. "शाळा आहे."

मग ते चटकन उठले, जणू काही झालंच नाही. त्यांच्या घरी पाणी वाटायचं काम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे देताना तलावाचं पाणी नव्या माणसाच्या ओंजळीत घालायची रीत होती. मामीजींना त्यांनी तलावात उरलेल्या डबक्यातून पाणी आणायला लावलं. मालबाबूंनी ओंजळ केली. म्हाताऱ्यानं चाचपून ती ओंजळ शोधली आणि गढूळ पाणी तिच्यात ओतताना म्हणाले, "मास्तरच्या शब्दावर देऊन राहिलो." मालबाबूंनी पाण्याचं काय करायचं ते न कळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग पाणी हळूच अंगणातल्या तुळशीला घातलं. हात रुमालाला पुसले.

त्या आठवड्यातच चौघांना काढलं. मालबाबूंनी ते सरळ सांगितलं, मैदानावर, सगळ्यांसमोर. महादूनं नळग्यांना बांधलेली तणसाची पोती सोडून नीट घडी करून ठेवली. सुखराम मालबाबूंच्या पाया पडला. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मनिजरांना मी सांगितलं नाही. रोज दुपारी जेवायला जायचो, ते विचारायचे, "पोट्टे बरे आहेत न?" मी म्हणायचो, "बरे आहेत." मामीजी मला वाढता वाढता एकदा थांबल्या, एवढंच. ते चौघं गावात दिसत नव्हते. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, तोडायला गेले असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली.

टीम जिंकू लागली. खोटं कशाला सांगू, छान खेळू लागली. मालबाबूंनी सातांचे अकरा केले, आणि चेंडू या पोट्ट्याकडून त्या पोट्ट्याकडे असा जायचा की पाहत राहावं. कपाचा शेवटचा सामना आमच्याच तलावात ठरला. डोंगरगडहून टीम आली. पाळीवर जत्रा भरल्यासारखी माणसं.

मी पोचलो तर मनिजर आधीच पाळीवर येऊन बसलेले. एकटेच, चाचपत आले असावेत. छत्री नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मास्तर? बरं झालं आला. सांग मले. कोन कोन आहे?"

शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. मी सुरुवात केली. पुढे कोण, उजवीकडे कोण, मध्ये कोण. खरी नावं सात झाली. मग मी थांबलो.

"आन गोलात?"

"महादू," मी म्हणालो.

"अजून?"

"सुखराम आहे डावीकडे. फागू त्याच्या मागे. आणि लहान्या."

"लहान्याही?" ते हसले. "कसा खेळून राहिला?"

"बरा खेळतोय. आता चेंडू अडवला त्यानं."

"आन सुखराम?"

"तो... तो थोडा मागे आहे. पण जमतंय त्याला."

एकदा सुरू झालं की थांबता येईना. डोंगरगडच्यांनी जोरदार चेंडू मारला, आमच्या नव्या गोलकीपरनं झेपावून अडवला, पाळीवर टाळ्या पडल्या, आणि मी म्हणालो, "महादूनं अडवला!" ते मान हलवत होते. प्रत्येक नावाला मान हलवत होते. उन्हात घाम माझ्या पाठीवरून वाहत होता आणि मी सांगत सुटलो होतो. फागूनं चेंडू पुढं नेला, सुखरामनं कुणाच्या पायाला न लागता काढून घेतला. इतका चांगला खेळ त्या चौघांनी जन्मात केला नव्हता.

मध्यंतर झालं. पोट्टे पाणी प्यायला पाळीखाली आले. मनिजरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मले घरी ने आता."

"मामाजी, अर्धा सामना बाकी आहे. आपण जिंकतोय."

"जिंका. मले भूक लागली. आन ते चौघं सकाळपासून माह्या ओसरीवर बसून आहेत. मी गेल्याबिगर जेवनार नाहीत ते."

"कोण चौघं?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"आता तूच नावं घेतली न त्याईचे."

आवाजात राग नव्हता. रोज ताकाचा पेला पुढे सरकवताना असायचा, तसाच आवाज. मी उठलो, त्यांचा हात धरून त्यांना उभं केलं. पाळ उतरताना ते माझ्यावर भार टाकत नव्हते. पायानं माती चाचपत स्वतःच उतरत होते, आणि मी नुसता हात धरून होतो. आम्ही अंगणाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मागं तलावात खेळ पुन्हा सुरू झाला होता. एकाएकी सगळी पाळ ओरडून उठली. गोल झाला होता.

कोणी मारला, हे त्यांनी मला विचारलं नाही.